उड्डाणाआधी मिक्स्चर पूर्ण रिच ठेवावे की थोडे लीन करावे?

पंखपसारा
नमस्कार मंडळी. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याचे बहुतेक प्रशिक्षण मी फ्लोरिडात पूर्ण केले आणि आता परवान्याच्या रूपांतरासाठी दख्खनच्या पठारावरील एका विमानतळावरून उड्डाणे करत आहे. दोन्हीकडे विमान एकाच जातीचे आहे, सेसना १७२ एस, म्हणजे लायकमिंगचे आयओ-३६० हे १८० अश्वशक्तीचे, फ्युएल इंजेक्शनचे इंजिन. फ्लोरिडातल्या धावपट्ट्या समुद्रसपाटीच्या जवळपास असल्यामुळे तिथला धडा सरळ होता: रन-अप (उड्डाणाआधीची इंजिन-तपासणी) संपला की लाल मूठ पूर्ण आत ढकलायची, मिक्स्चर, म्हणजे हवा-इंधनाचे मिश्रण, पूर्ण रिच (जास्तीत जास्त इंधनाचे) करायचे आणि मगच धावपट्टीवर जायचे.

इथे दुपारी चाळीस अंश तापमान असताना माझ्या प्रशिक्षकांनी विमान ब्रेकवर धरून पूर्ण थ्रॉटल द्यायला लावले, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) सर्वाधिक होईपर्यंत मिक्स्चर हळूहळू मागे ओढायला, म्हणजे लीन (कमी इंधनाचे) करायला सांगितले, तिथून मूठ किंचित पुढे सरकवून घेतली आणि त्याच स्थितीत उड्डाण करवले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरे प्रशिक्षक बरोबर होते. त्यांचे म्हणणे असे की विमानतळ ३००० फुटांच्या खाली आहे, त्यामुळे असे करणे हँडबुकाला धरून नाही आणि इंजिनालाही घातक आहे. दोघेही अनुभवी आहेत, त्यामुळे कोणाशीही वाद घालण्याची माझी योग्यता नाही. परंतु यातले कारण काय आणि नेमके कोणाचे ऐकावे, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे ही विनंती.

उंटावरचा शहाणा
दोन प्रशिक्षकांची मते दोनच असतील तर तुमची संस्था फारच शिस्तीची दिसते. आमच्या वेळी तिघांची पाच मते असत आणि परीक्षकाचे सहावे. मी जागा धरून बसलो आहे, जाणकारांनी सुरुवात करावी.

निवृत्त स्पॅनर
मी वैमानिक नाही. माझा जन्म विमानांच्या देखभालीत गेला, त्यामुळे इंजिनाच्या बाजूने सांगतो.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे पंधरा किलो हवा लागते. सर्वाधिक शक्ती मात्र त्याहून थोड्या रिच मिश्रणावर, म्हणजे साडेबारा-तेरा किलो हवेच्या आसपास मिळते. समुद्रसपाटीवर पूर्ण थ्रॉटल आणि पूर्ण रिच दिले की मिश्रण त्याहूनही रिच असते आणि ते मुद्दाम तसे ठेवलेले असते, कारण पूर्ण शक्तीच्या वेळी ते जादा इंधन ज्वलनाचा वेग आवरते आणि सिलिंडर हेडचे तापमान ताब्यात ठेवते. त्या वेळी मिक्स्चर लीन असेल तर डिटोनेशनचा, म्हणजे मिश्रण क्रमाने न जळता एकदम स्फोटासारखे पेटण्याचा धोका उभा राहतो. डिटोनेशनने पिस्टनचा माथा खाल्लेला मी हाताळला आहे. तो पाहिलेला मनुष्य पूर्ण शक्तीवर मिक्स्चर मागे ओढताना दोनदा विचार करतो. तुमच्या दुसऱ्या प्रशिक्षकांची भीती इथून येते आणि ती अनाठायी नाही.

आता दुसरी बाजू. या इंजिनांतला कार्बुरेटर किंवा इंजेक्शनचा सर्व्हो हवेची घनता आपणहून ओळखत नाही. हवा विरळ झाली तरी इंधन जवळजवळ पूर्वीच्याच हिशेबाने येत राहते, म्हणून जसजसे वर जावे तसतसे तेच पूर्ण रिच अधिकाधिक रिच होत जाते. एका मर्यादेनंतर ते जादा इंधन इंजिनाला थंड ठेवण्यापेक्षा शक्ती कमी करू लागते, इंजिन खडबडीत चालते आणि प्लगांवर काजळी धरते. तुमचे पहिले प्रशिक्षक तेवढे जादाचे इंधन काढून घेत होते. दोघांच्या मधली रेषा कुठे आखायची, एवढाच खरा प्रश्न आहे.

गणिती गोटू
रेषा आखायची तर आकडे हवेत. धागाकर्त्यांनी विमानतळाचे नाव दिलेले नाही, म्हणून उंची २००० फूट धरतो, कारण पुणे-बारामती पट्ट्यातली उंची तेवढीच आहे.

प्रमाणित वातावरणात समुद्रसपाटीला १५ अंश तापमान धरतात आणि दर हजार फुटांना ते सुमारे दोन अंशांनी उतरते, म्हणजे २००० फुटांवर ११ अंश. प्रत्यक्ष तापमान ४० असेल तर फरक २९ अंशांचा. प्रत्येक अंशाला साधारण १२० फूट, म्हणजे सुमारे ३४८० फूट. मूळ २००० मिळवले की घनता-उंची जवळपास ५५०० फूट येते. याचा अर्थ चाकांखाली जमीन २००० फुटांवर असली तरी पंख, प्रोपेलर आणि इंजिन यांना ५५०० फुटांवरची हवा मिळते आहे.

सकाळी सहाला तापमान २४ असेल तर हाच हिशेब ३५६० वर येतो. त्याच विमानतळावर, त्याच विमानात, एकाच दिवसात दोन हजार फुटांचा फरक पडतो.

घाटमाथा
गोटूंच्या हिशेबात थोडी भर घालतो. त्यांनी दाब १०१३ हेक्टोपास्कल गृहीत धरला आहे, परंतु मे महिन्यातल्या दुपारी दख्खनवर तो १००६च्या आसपास सहज उतरतो. प्रत्येक हेक्टोपास्कलला सुमारे २८ फूट धरले तर दाब-उंची (हवेच्या दाबावरून काढलेली उंची) २२०० होते आणि घनता-उंची ५७००. हवेत बाष्प असेल तर आणखी थोडी वर.

मी कोलोरॅडोत राहतो आणि डेन्व्हरजवळच्या सेंटेनियल विमानतळावरून हौसेखातर उडतो. तो विमानतळच ५८८५ फुटांवर आहे. उन्हाळ्यात तीस अंश तापमान झाले की घनता-उंची ९००० ओलांडते, त्यामुळे मिक्स्चर लीन करून उड्डाण करणे हा तिथे चर्चेचा विषयच होत नाही. लेडव्हिल ९९३४ फुटांवर आहे, उत्तर अमेरिकेतला सर्वांत उंच सार्वजनिक विमानतळ. तिथे पूर्ण रिच ठेवून थ्रॉटल दिल्यास विमान धावपट्टी संपेपर्यंत नुसते धावत राहील.

एक गोष्ट समुद्रसपाटीवर शिकलेल्यांनी विशेष लक्षात ठेवावी. चाक उचलण्याचा वेग वेगमापकावर तोच असतो, १७२ एसला ५५ नॉट, परंतु विरळ हवेत तोच आकडा दिसेपर्यंत जमिनीवरचा खरा वेग बराच वाढलेला असतो. बाहेर पाहून वाटते की एवढ्या वेगाने धावतो आहोत तर आता उचलायला हरकत नाही, आणि नवखे लोक वेळेआधी नाक उचलतात. मग विमान जमिनीलगतच्या हवेच्या आधाराने तरंगते, पण चढत नाही. डोळ्यांवर विश्वास न ठेवता काट्यावर ठेवावा.

ढगातली
मी गेली काही वर्षे फ्लोरिडात शिकवते, त्यामुळे धागाकर्त्यांच्या पहिल्या शिकवणीची बाजू मांडणे मला भाग आहे.

घाटमाथा, लेडव्हिलबद्दल कोणाचे दुमत नाही. माझा आक्षेप मधल्या पट्ट्याबद्दल आहे. टर्बो नसलेले इंजिन दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के शक्ती गमावते. ५५०० फूट घनता-उंचीला पूर्ण थ्रॉटलवर साधारण ८३ टक्के शक्ती उरते, म्हणजे १८० अश्वशक्तीतले दीडशेच्या आसपास. इंजिन उत्पादक ७५ टक्के किंवा त्याहून कमी शक्तीवर मनमोकळे लीन करू देतात. ८३ टक्के त्या मर्यादेच्या वर आहे, बाहेर चाळीस अंश आहेत, विमान कमी वेगाने चढत असल्यामुळे सिलिंडरांवरून हवा कमी वाहते आहे, आणि अशा वेळी आपण इंजिनाला थंड ठेवणारे इंधन कमी करतो आहोत. अनुभवी हात ते अचूक करील. विद्यार्थ्याचा हात आरपीएमचा शिखरबिंदू ओलांडून पलीकडे गेला आणि तिथेच राहिला, तर पहिल्या पाच मिनिटांत सिलिंडर हेडचे तापमान काय होईल याचा विचार करा.

१७२ एसचे हँडबुक ३००० फुटांच्या वर सर्वाधिक आरपीएमसाठी लीन करायला सांगते. त्यातला आकडा घनता-उंचीचा नाही. २००० फुटांवरचा विमानतळ त्यात बसत नाही, तेव्हा मी विद्यार्थ्याला पूर्ण रिचच सांगेन.

निवृत्त स्पॅनर
ढगातली ताई, तुमचा मुद्दा रास्त आहे, परंतु विमानाच्या हँडबुकाबरोबर इंजिन उत्पादकाचे म्हणणेही पाहावे लागते. लायकमिंगच्या सूचनेत घनता-उंचीचाच उल्लेख आहे: ५००० फूट किंवा त्याहून अधिक घनता-उंची असलेल्या विमानतळावर स्थिर पिचच्या (पात्यांचा कोन न बदलणाऱ्या) प्रोपेलरचे विमान असेल तर उड्डाणापूर्वी पूर्ण थ्रॉटलवर सर्वाधिक आरपीएम मिळेपर्यंत लीन करावे. जास्त तापमानात पूर्ण रिचवर इंजिन खडबडीत चालू शकते, असेही तिथे स्पष्ट म्हटले आहे.

शिवाय सर्वाधिक आरपीएमचा बिंदू हा सर्वाधिक शक्तीचा बिंदू आहे, आणि तो निकास-वायूच्या तापमानाच्या शिखरापेक्षा रिच बाजूलाच, साधारण १०० ते १२५ अंश फॅरनहाइट अलीकडे असतो. त्यातून मूठ पुन्हा किंचित पुढे ढकलली की थोडे संरक्षणही मिळते. धोका आहे तो शिखर ओलांडून पलीकडे थांबण्यात, आणि तो दोष शिकवण्याचा आहे, पद्धतीचा नाही.

उंटावरचा शहाणा
म्हणजे सकाळचे प्रशिक्षक सकाळी बरोबर आणि दुपारचे दुपारी बरोबर. दोघांनी वेळा बदलल्या असत्या तर दोघेही चुकले असते.

चेतकस्वार
मी सामान्य वाचक आहे, विमानात फक्त प्रवासी म्हणून बसतो. माझा अनुभव बजाज चेतकच्या पेट्रोल कॉकपुरता मर्यादित आहे: चालू, रिझर्व्ह, बंद. कॉक बंद राहिला तरी स्कूटर चालू होत असे, आळीच्या टोकापर्यंत झोकात जाई आणि नेमकी चौकात बंद पडे. विमानातही असा काही कॉक असतो का, आणि असल्यास तो चौक नेमका कुठे येतो?

ढगातली
चेतकस्वार, तो चौक धावपट्टीच्या शेवटाला दोन-तीनशे फूट उंचीवर येतो. कार्बुरेटरच्या भांड्यात आणि नळ्यांत एवढे इंधन असते की सिलेक्टर (टाकी निवडणारा कॉक) बंद असूनही इंजिन सुरू होऊ शकते, विमान टॅक्सी करू शकते आणि कधी कधी जमीनही सोडू शकते.

जुन्या १७२ मध्ये सिलेक्टरला डावी टाकी, उजवी टाकी, दोन्ही आणि बंद अशा चार जागा असतात. उड्डाण आणि उतरणे ‘दोन्ही’वरच करायचे असते. १७२ एसमध्ये सिलेक्टरवर ‘बंद’ ही जागाच नाही. त्यासाठी ओढायची वेगळी लाल मूठ दिलेली आहे. इथे एक बारीक सापळा आहे. उतारावर विमान उभे करताना एका टाकीतले इंधन दुसरीकडे वाहू नये म्हणून सिलेक्टर डाव्या किंवा उजव्या टाकीवर ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी तो ‘दोन्ही’वर परत आणायचा राहतो. म्हणून चेकलिस्ट वाचताना सिलेक्टरला हात लावून खात्री करावी. नुसते पाहून पुढे जाऊ नये.

निवृत्त स्पॅनर
पायपर पीए-२८ मध्ये ‘दोन्ही’ ही जागाच नसते. पंख खाली असल्यामुळे तिथे इंधन गुरुत्वाने उतरत नाही, पंपाने ओढावे लागते, आणि दोन्ही टाक्या एकत्र जोडल्या तर एक रिकामी होताच पंप तिच्यातून हवा ओढू लागेल. त्यामुळे डावी की उजवी हे वैमानिकाने ठरवायचे आणि उड्डाणात ठरावीक वेळाने बदलायचे. उड्डाणाच्या वेळी विजेवरचा पंप चालू ठेवतात, कारण इंजिनावर चालणारा पंप बंद पडला तर जमिनीलगत दुसरी संधी मिळत नाही. सुरक्षित उंचीवर तो बंद करताना नजर इंधनदाबाच्या काट्यावर असावी. टाकी बदलतानाही तसेच: आधी पंप चालू, मग बदल, मग काही वेळ काट्याकडे लक्ष.

ढगातली
त्यात क्रमाचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. एका टाकीवर इंजिन सुरू करून टॅक्सी करावी, रन-अपच्या आधी जास्त भरलेल्या टाकीवर यावे, रन-अप तिच्यावर करावा आणि त्यानंतर उड्डाण होईपर्यंत सिलेक्टरला हात लावू नये. अशा रीतीने दोन्ही टाक्यांतून इंधन येते याची खात्री जमिनीवरच होते. रन-अप संपल्यावर, धावपट्टीवर शिरताना टाकी बदलणे म्हणजे न तपासलेल्या नळीवर उड्डाण करणे होय.

अवांतरकर
थोडे अवांतर, पण विषयाला धरून आहे. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात माँटेरे उपसागरावर लाँग-ईझी या छोट्या विमानाच्या अपघातात गेले. त्या विमानात मूळ आराखड्यापेक्षा वेगळ्या जागी, वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे सिलेक्टर बसवलेला होता. तिथपर्यंत हात नेताना शरीर वळवावे लागे. टाक्यांत इंधन कमी होते, आणि सिलेक्टरशी झटताना विमानावरचा ताबा सुटला असावा, असा तपासाचा निष्कर्ष होता.

आणखी एक अवांतर, आपल्या मातीतले. १९३० मध्ये इंग्लंड-भारत एकट्याने उडण्याच्या आगाखान स्पर्धेत जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले होते आणि अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगाअभावी अडकून पडले होते. जेआरडींनी आपल्याजवळचा जादा प्लग दिला, अस्पी पुढे गेले आणि स्पर्धा जिंकले. पुढे ते हवाई दलाचे प्रमुख झाले.

निवृत्त स्पॅनर
अवांतरकरांनी प्लगांचा विषय काढलाच आहे तर त्यावरही लिहितो. निळ्या रंगाच्या १००एलएल या विमान-पेट्रोलमध्ये शिसे असते. पूर्ण रिच ठेवून दहा-पंधरा मिनिटे टॅक्सी केली की ज्वलन थंड राहते, शिसे जळून बाहेर न पडता प्लगांवर साचते आणि रन-अपच्या वेळी मॅग्नेटो (प्लगांना ठिणगी पुरवणारे यंत्र) तपासताना आरपीएम प्रमाणाबाहेर पडते. १७२ एसमध्ये ही तपासणी १८०० आरपीएमवर करतात. कोणत्याही एका मॅग्नेटोवर १५० पेक्षा जास्त घट चालत नाही, आणि दोघांतला फरक ५०च्या आत असावा लागतो. घट प्रमाणाबाहेर असेल तर थोडी शक्ती वाढवून काही वेळ लीन चालवले की बहुतेकदा प्लग साफ होतात.

यासाठी जमिनीवर लीन करून टॅक्सी करावी, आणि तीही भरपूर लीन. अर्धवट लीन सर्वांत वाईट, कारण विसरून तसेच उड्डाण केले तर इंजिन तक्रार न करता पूर्ण शक्तीवर तापत राहते. इतके लीन असावे की थ्रॉटल वाढवताच इंजिन अडखळेल आणि विसरलेली मूठ आपोआप आठवेल.

खारे वारे
आमच्याकडे, म्हणजे कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर, उंचीचा प्रश्न नाही, पाण्याचा आहे. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचे रबर जुने असेल तर पाणी आत जाते. टाकी अर्धी रिकामी उभी असेल तर आतल्या ओलसर हवेतूनही पाणी साचते. पेट्रोलपेक्षा पाणी जड असल्यामुळे ते तळाशी बसते, म्हणून उड्डाणापूर्वी तळाच्या प्रत्येक निचऱ्यातून नमुना काढायचा. १७२ एसला असे तेरा निचरे आहेत आणि पावसात भिजत तेराही तपासायला कंटाळा येतो हे खरे. नमुन्यात दोन थरांमधली रेषा शोधायची हे सर्वांना शिकवतात, परंतु सगळाच नमुना पाण्याचा असेल तर रेषा दिसणारच नाही. म्हणून आधी रंग निळा आहे का ते पाहावे.

कार्बुरेटरच्या विमानांना दुसरीही अडचण आहे. व्हेंच्युरीत (कार्बुरेटरच्या अरुंद गळ्यात) इंधनाची वाफ होताना तापमान वीसएक अंशांनी सहज उतरते, म्हणून बाहेर वीस-पंचवीस अंश आणि दमट हवा असतानाही आत बर्फ धरू शकतो. कार्ब हीट (कार्बुरेटरला गरम हवा देणारी सोय) रन-अपमध्ये तपासावी, पण उड्डाणाच्या धावेत बंद ठेवावी. ती हवा गरम असल्याने शक्ती कमी मिळते आणि ती गाळणीतून येत नाही.

घाटमाथा
इंधनाच्या रंगावरून एक जुनी गोष्ट आठवली. १९७८ मध्ये प्रसिद्ध कसरती वैमानिक बॉब हूवर यांच्या श्राइक कमांडर या पिस्टन विमानात जेटचे इंधन भरले गेले. नळ्यांत उरलेल्या पेट्रोलवर इंजिने सुरू झाली, उड्डाणही झाले आणि नंतर शक्ती गेली. सर्व जण वाचले. त्यानंतर जेट इंधनाच्या नळाचे तोंड पेट्रोलच्या टाकीत जाणारच नाही असे रुंद करण्याची कल्पना पुढे आली, आणि त्या तोंडाला आजही हूवर नोझल म्हणतात. भारतातल्या बहुतेक विमानतळांवर जेटचे इंधन मुबलक आणि १००एलएल दुर्मीळ असते, म्हणून टाक्या भरताना स्वतः उभे राहावे. शंका आल्यास कागदावर थेंब टाकावा: विमान-पेट्रोल उडून जाते, जेटच्या इंधनाचा तेलकट डाग राहतो.

नवी उमेद
इंजिनाला त्रास नको म्हणून आमचे एक ज्येष्ठ सहकारी पूर्ण थ्रॉटल न देता थोडा राखून उड्डाण करतात. धावपट्टी लांब असेल तर ते योग्य मानावे का?

निवृत्त स्पॅनर
हेतू चांगला, परिणाम उलटा. अनेक कार्बुरेटरांत थ्रॉटल अगदी शेवटपर्यंत गेल्यावरच जादा इंधनाचा मार्ग उघडतो. दोन बोटे अलीकडे थांबले तर शक्ती जवळजवळ तेवढीच राहते आणि थंड ठेवणारे जादा इंधन मात्र मिळत नाही. थ्रॉटल सावकाश, दोन-तीन सेकंदांत, पण पूर्ण द्यावा.

गणिती गोटू
इंधनाचा विचार करताना वजनही धरावे लागते. १७२ एसमध्ये वापरता येणारे इंधन ५३ अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे २०० लिटर, वजन १४४ किलो. उड्डाणाचे कमाल वजन ११५७ किलो. चार प्रौढ माणसे आणि भरलेल्या टाक्या हा हिशेब बहुधा बसत नाही. टाकीच्या तोंडातल्या पट्टीच्या खालच्या कडेपर्यंत भरले तर प्रत्येक बाजूला १७.५ गॅलन राहतात. राखीव इंधन अमेरिकन नियमांनुसार दिवसा ३० मिनिटांचे आणि रात्री ४५ मिनिटांचे हवे. बहुतेक जण एक तासापेक्षा कमी ठेवत नाहीत, आणि ते काट्यावर न विसंबता काठी बुडवून मोजतात.

समुद्रसपाटीवर, प्रमाणित तापमानात, पूर्ण वजनाने १७२ एसला ९६० फूट धाव आणि ५० फुटांचा अडथळा ओलांडायला १६३० फूट लागतात. कोरड्या गवतावर धाव १५ टक्क्यांनी वाढवायची. समोरून दर ९ नॉट वारा असेल तर १० टक्के कमी करायची. दुपारच्या घनता-उंचीचे आकडे तक्त्यात स्वतः पाहावेत. ते वाचले की चौथा प्रवासी आपणहून उतरतो.

चेतकस्वार
समजा एवढे सगळे करूनही तो चौक आलाच, तर परत वळून धावपट्टीवर येता येत नाही का?

ढगातली
कमी उंचीवर नाही. परत येण्यासाठी १८० अंशांचे वळण पुरत नाही, कारण वळण घेताना विमान धावपट्टीच्या बाजूला सरकते आणि पुन्हा तिच्या रेषेत यावे लागते. ४५ अंश कलून वळले तर स्टॉलचा वेग (ज्याखाली पंखांची उचल तुटते तो) सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, इंजिन नसते आणि जमीन जवळ असते. १७२ एसमध्ये फ्लॅप वर असताना ७० नॉट धरायचे, नाक लगेच खाली आणायचे आणि समोरच्या तीस-चाळीस अंशांच्या पट्ट्यात जागा निवडायची. ती जागा थ्रॉटल देण्याआधीच ठरवून मोठ्याने बोलावी.

पंखपसारा
सर्वांचे आभार. दोन्ही प्रशिक्षकांसमोर गोटूंचा हिशेब आणि लायकमिंगची सूचना ठेवली. सकाळचे प्रशिक्षक म्हणाले की सकाळी ते पूर्ण रिचच सांगतील, आणि दुपारी घनता-उंची ५००० च्या वर असेल तर लीन करायला त्यांची हरकत नाही, मात्र आरपीएमचा शिखरबिंदू त्यांना स्वतः पाहायचा आहे. दुपारचे प्रशिक्षक म्हणाले की तापमान आणि दाब पाहिल्याशिवाय मूठ ओढायची नाही, हे त्यांनी मला सांगायला हवे होते. आता उड्डाणाच्या तयारीच्या कागदावर घनता-उंचीचा रकाना वाढवला आहे.

एक शंका उरली. अशा दुपारी त्याच विमानतळावर उतरताना चेकलिस्ट मिक्स्चर रिच करायला सांगते. तेव्हा पूर्ण रिच करावे का?

घाटमाथा
पूर्ण रिच करू नये. उतरताना मिक्स्चर रिच करण्याचा हेतू एवढाच की पुन्हा वर जावे लागल्यास पूर्ण शक्ती हाताशी असावी, आणि त्या विमानतळावर पूर्ण शक्ती ज्या जागी मिळते ती जागा तुम्ही उड्डाणाआधीच शोधलेली असते. मूठ तिथे आणून ठेवावी. १७२ एसमध्ये इंधनप्रवाहाचा मापक आहे, म्हणून उड्डाणाच्या धावेत दिसलेला आकडा लिहून ठेवला तर उतरताना लीन करत बसावे लागत नाही.

ढगातली
घाटमाथांशी सहमत. फक्त तो आकडा त्या दिवसाच्या त्या तापमानाचा आहे, हे ध्यानात असू द्यावे. सकाळी लिहिलेला दुपारी वापरू नये. टर्बोचे विमान असेल तर यातले काहीच लागू नाही. त्याला उड्डाणासाठी हँडबुकात दिलेले पूर्ण रिचच.